तापीतीरीचे बुऱ्हाणपूर : जुन्या छायाचित्रांच्या उजेडात

बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाणारी सडक निंबोला गावावरून असीरगडाच्या पायथ्याकडे जाते. निंबोल्यास राजवाडा नाही, मिनार नाही, शिलालेख नाही; तथापि या भूमीचा इतिहास समजून घेण्यास यासारखे दुसरे स्थान नाही. एका अंगास तापीकाठचे नगर, दुसऱ्या अंगास सातपुड्याच्या खिंडीवर पहारा करणारा गड, आणि मध्ये ही वाट. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी सैन्ये, सुरतेच्या बंदराकडून आग्र्याकडे निघालेले काफिले, तीर्थयात्रेस निघालेले बैरागी आणि कापसाच्या गाड्या हाकणारे शेतकरी या सर्वांनी हा मुलूख तुडविला. त्यांच्या पाऊलखुणा धुळीत मिळाल्या. मात्र ज्या वास्तूंच्या सावलीत ते विसावले त्यांतील पुष्कळशा अद्यापि उभ्या आहेत, आणि गेल्या दीडशे वर्षांत निघालेल्या त्यांच्या छायाचित्रांनी त्या वास्तूंच्या आयुष्यातील काही क्षण धरून ठेविले आहेत.

जुने छायाचित्र हाती आले म्हणजे मनुष्य प्रथम त्यातील ओळखीची जागा शोधतो, आणि ती सापडल्याबरोबर तेव्हाचे व आताचे यांतील भेद मोजू लागतो. हा केवळ करमणुकीचा खेळ नव्हे. जे टिकले ते का टिकले आणि जे गेले ते कोणाच्या दुर्लक्षाने गेले, हा प्रश्न त्या चित्राच्या मागे उभा असतो. बुऱ्हाणपूरसारख्या नगरीच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

चित्रकाराची लेखणी आणि काचेची तबकडी

छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली. त्यापूर्वी बुऱ्हाणपूरचे दर्शन दूरदेशीच्या लोकांस घडले ते खोदीव चित्रांतून. रॉबर्ट एलियट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने १८२२ ते १८२४ या काळात पूर्वेकडे प्रवास करून रेखाटने केली, आणि ती १८३० नंतर लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याचेही एक चित्र आहे. एलियटच्या कच्च्या रेखाटनावरून ते चित्र पुन्हा काढले सॅम्युअल प्राउट या नामांकित चित्रकाराने; पण प्राउटने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नव्हते. त्यामुळे अशा चित्रांत खरी वास्तू किती आणि दूर बसलेल्या कलावंताची कल्पना किती, हे सांगणे कठीण होते. पडक्या भिंती, त्यांवर लोंबणाऱ्या वेली आणि मावळता प्रकाश ही त्या काळच्या युरोपीय रसिकांची आवड होती. चित्रकार ती पुरवीत असे.

कॅमेऱ्याने ही स्थिती पालटली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी या नव्या कलेत आरंभापासूनच होती. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणास प्रारंभ झाला. पुढे मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग जबलपुरास पूर्वेकडील मार्गाशी जोडला गेला. बुऱ्हाणपूरचे स्थानक या मार्गावर, शहराबाहेर लालबाग येथे आहे. जेथे पूर्वी बैलगाडीने दिवसच्या दिवस लागत, तेथे काचेच्या तबकड्यांच्या जड पेट्या आता सुखरूप पोहोचू लागल्या. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स हे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. त्यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली प्रसिद्ध झाली. अशा नोंदी व त्या काळची छायाचित्रे यांच्यामुळे या प्रदेशातील वास्तूंस प्रथमच कल्पनेची भर न घालता साक्ष मिळाली.

या आरंभीच्या छायाचित्रणाची रीत ध्यानी घेतली म्हणजे त्या चित्रांतील शांततेचा उलगडा होतो. ओल्या काचेच्या पद्धतीत तबकडीवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगोलग अंधाऱ्या तंबूत धुवावे लागे. प्रकाश पुरेसा मिळेपर्यंत काही सेकंद तरी भिंग उघडे ठेवणे भाग असे. स्थिर दगड त्यात स्पष्ट उमटे. चालता मनुष्य मात्र पुसट होई किंवा नाहीसाच होई. म्हणून गजबजलेल्या बाजारातील वास्तूदेखील जुन्या चित्रांत ओसाड भासते. ते ओसाडपण नगराचे नव्हे, कॅमेऱ्याचे होय.

जामा मशिदीची दोन भाषांतील साक्ष

खानदेशातील फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ साली मरण पावला. त्याचा पुत्र नासिर खान याने असीरगड हस्तगत केला आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावे तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसविले. पैलतीरीच्या वस्तीस झैनुद्दीन शिराझी यांच्या नावावरून झैनाबाद म्हणू लागले. या दोन्ही सत्पुरुषांच्या समाधी खुलदाबादेस आहेत. म्हणजे नगराचे नाव राजाने स्वतःचे न ठेवता संताचे ठेविले, ही गोष्ट भाविकांच्या ध्यानात सहज राहण्याजोगी आहे.

फारुकी राजांचे सर्वांत भव्य स्मारक म्हणजे जामा मशीद. राजा अली खान उर्फ आदिल शाह याच्या कारकीर्दीत हिजरी ९९७, म्हणजे इ. स. १५८८-८९ च्या सुमारास ती बांधली गेली. समोरून घेतलेले कोणतेही जुने चित्र पाहिले की पंधरा कमानींची ओळ आणि दोन्ही टोकांस उंच गेलेले दोन मिनार डोळ्यांत भरतात. परंतु या वास्तूतील सर्वांत मोलाची गोष्ट दुरून घेतलेल्या चित्रात दिसत नाही. मशिदीच्या आत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टीच्या कर्त्यास नमस्कार करून, जो डोळ्यांस दिसत नाही, जो सर्वत्र भरलेला आहे आणि जो गुणांच्या पलीकडचा आहे त्या परमेश्वरास वंदन करून तो लेख पुढे फारुकी राजांची वंशावळ सांगतो. विक्रम संवत् १६४६ व शके १५११ हा काळही तो पंचांगाच्या रीतीने नोंदवितो. मध्य प्रांतातील शिलालेखांचे थोर अभ्यासक रायबहादूर हिरालाल यांनी हा लेख विसाव्या शतकाच्या आरंभी संपादून विद्वानांपुढे ठेविला.

मुसलमान राजाने मशिदीत संस्कृत भाषेत ईश्वराचे वर्णन कोरवावे, आणि ते वर्णन वेदान्ताच्या विद्यार्थ्यास ओळखीचे वाटावे, याचे मर्म शब्दांनी वाढविण्याची गरज नाही. त्या वेळच्या प्रजेत संस्कृत जाणणारे, पंचांग मानणारे लोक होते, आणि आपले कार्य त्यांनाही कळावे असे राजास वाटत होते, एवढे मात्र या दगडावरून निश्चित म्हणता येते.

याच मशिदीत दुसऱ्या एका विजेत्याचीही नोंद आहे. १६०० साली अकबर बुऱ्हाणपुरास आला आणि असीरगडास वेढा पडला. जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. अखेरचा फारुकी राजा बहादूर शाह याचे राज्य संपले. त्या विजयाचा फारसी लेख भक्करच्या मुहंमद मासूम याने येथे कोरविला. एका राजाने बांधलेल्या वास्तूवर त्याचे राज्य घेणाऱ्याचा लेख कोरला जावा, आणि दोन्ही लेख पुढील पिढ्यांनी सारख्याच निर्विकारपणे जपावेत, असा हा योग आहे.

किल्ला, उद्यान आणि न छापलेले दुःख

तापीच्या उंच काठावर शाही किल्ला उभा आहे. नदीच्या बाजूने पाहता त्याची पडकी भिंत पाण्यातूनच वर आल्यासारखी भासते. बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे दीर्घ काळ केंद्र होते. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने येथेच शाहजादा परवेझ याची भेट घेतली. किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर रंगीत वेलबुट्टीचे काम आहे. जुन्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रास हा रंग पकडता येत नाही. त्यातील नक्षीची रेषा दिसते, पण लाली व निळाई हरपते.

१६३० साली शाहजहान खान जहान लोदीच्या पारिपत्यासाठी दक्षिणेत उतरला आणि बुऱ्हाणपूर येथे मुक्कामास राहिला. दिनांक १७ जून १६३१ रोजी येथेच त्याची पत्नी मुमताझ महल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. ते मूल, गौहर आरा, वाचले. मुमताझचे शव झैनाबादेकडील आहूखान्याच्या उद्यानात पुरण्यात आले व सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, शाहजादा शुजा याच्या सोबतीने आग्र्यास नेण्यात आले. आग्र्याचा ताजमहाल मूळ तापीच्या काठीच व्हावयाचा होता, अशी आख्यायिका या भागात आवडीने सांगतात. ती आख्यायिकाच आहे. परंतु जगातील अत्यंत प्रसिद्ध समाधीची कथा या नदीकाठी सुरू झाली, एवढे मात्र इतिहाससिद्ध आहे. पुढे त्याच शाहजादा शुजाची पत्नी बिल्किस बेगम हीही बाळंतपणातच वारली आणि बुऱ्हाणपुरासच तिची समाधी झाली. खरबुजासारख्या फाकींच्या घुमटामुळे लोक त्या छोट्या इमारतीस खरबुजा महाल म्हणतात. आतील भिंतींवर रंगीत चित्रकाम आहे.

मुमताझ महलचे मरण सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याच प्रदेशात किती अनाम माणसे अन्नावाचून मेली, हे मात्र कोणत्याही चित्रात नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरील प्रेतांचे व भुकेल्या माणसांचे वर्णन लिहून ठेविले आहे. याच दुष्काळाने देहूस तुकोबारायांच्या घरावर घाला घातला. त्यांची प्रथम पत्नी व मुलगा या काळात गेले. बादशहाच्या शोकातून संगमरवराची वास्तू निघाली. देहूच्या वाण्याच्या शोकातून काय निघाले हे महाराष्ट्र जाणतो. दोन्ही दुःखे एकाच काळाची. एकाचे छायाचित्र जगभर फिरते. दुसऱ्यास चित्राची गरज भासली नाही, ते लोकांच्या मुखी राहिले. मंडीने पाहिलेल्या त्या वाटेवरील माणसांस मात्र ना वास्तू लाभली ना अभंग. इतिहासाचे चित्र पाहताना ही रिकामी जागाही डोळ्यांपुढे असावी.

काळा दगड, छत्री आणि वेशी

अब्दुर्रहीम खानखानान हा दोहे लिहिणारा रहीम म्हणून सर्वांस परिचित आहे. तो अनेक वर्षे या प्रांताचा अधिकारी होता. त्याचा तरुण पुत्र शाहनवाझ खान १६१९ साली वारला. उतावळी नदीच्या काठी काळ्या दगडात त्याची समाधी आहे, म्हणून लोक तिला काळा ताजमहाल म्हणू लागले. काळ्यापांढऱ्या छायाचित्रात ही वास्तू विशेष खुलते, कारण तिची शोभा रंगात नसून प्रमाणबद्धतेत आहे. पुत्राच्या थडग्यापाशी उभ्या असलेल्या वृद्ध कवीची कल्पना केली, म्हणजे त्या दगडाचा काळेपणा केवळ दगडाचा उरत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित अशा दोन जागांचा येथे उल्लेख केला पाहिजे. पुरंदरच्या तहाने १६६५ साली शिवाजी महाराजांस किल्ले सोडण्यास लावणारे मिर्झाराजे जयसिंह दक्षिणेतून परतताना १६६७ च्या ऑगस्टमध्ये बुऱ्हाणपुरास मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली छत्री राजाची छत्री या नावाने ओळखली जाते. दुसरी जागा बहादूरपुऱ्याची. १६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने या श्रीमंत पेठेवर धाड घातली व मोठी लूट नेली. स्वराज्याच्या दृष्टीने तो मोगली खजिन्यावरील घाव होता; पेठेतील व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो सर्वस्वाचा नाश होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्यावाचून कथा पूर्ण होत नाही.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडास जाताना येथे थांबले. बडी संगत गुरुद्वारा त्या मुक्कामाची आठवण जपतो. बोहरा समाजाचे सत्पुरुष सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचा दर्गाह येथेच असून दूरदूरचे भाविक तेथे येतात. १७३१ साली निझामुल्मुल्काने शहरास विटांचा कोट व नऊ वेशी केल्या. तोच निझाम १ जून १७४८ रोजी बुऱ्हाणपुरापाशी वारला. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले; १८०३ साली कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने शहर व गड दोन्ही घेतले, तहानंतर शिंद्यांस परत दिले, आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये असीरगड अखेरचा जिंकला. शनवारा, इतवारा यांसारख्या वेशींच्या नावांत जुन्या बाजारांचे वार अद्यापि नांदत आहेत. रहदारी वाढली तसा कोटाचा पुष्कळसा भाग गेला. अशा वेळी वेशीचे जुने छायाचित्र हे कागदोपत्री पुराव्याइतकेच मोलाचे ठरते, कारण भिंत कोठवर होती हे तेच सांगू शकते.

ज्याचे चित्र निघत नाही ते

बुऱ्हाणपूरची सर्वांत थोर वास्तू जमिनीच्या वर नाहीच. १६१५ च्या सुमारास, खानखानानाच्या काळी, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी शहरात आणण्याची योजना इराणी पद्धतीने सिद्ध झाली. तबकुतुल अर्झ या इराणी तज्ज्ञाचे नाव तिच्याशी जोडले जाते. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा थर गाठावयाचा, तेथून अगदी मंद उताराचा बोगदा शहराकडे न्यावयाचा, आणि ठरावीक अंतरावर हवा, उजेड व साफसफाई यांसाठी उभ्या विहिरी खोदावयाच्या, अशी ही रचना आहे. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्याच वजनाने वाहते. कुंडी भंडारा अथवा खुनी भंडारा या नावाच्या मार्गावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत.

वरून छायाचित्र घ्यावे तर त्यात दिसतात त्या केवळ माळावर ओळीने उभ्या असलेल्या दगडी कुंड्यांच्या कडा. पाहणाऱ्यास त्या ओसाड विहिरी वाटाव्यात. खरे काम खाली अंधारात अखंड चालू असते. राजवाड्यांची चित्रे अनेक निघाली. राजवाड्यास, हमामास आणि गरिबाच्या घागरीस एकसारखे पाणी पुरविणाऱ्या या व्यवस्थेची फार थोडी. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव आले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि यादीत नाव आल्याने पाणी वाहत नाही. डोंगरावरील झाडे तुटली, खोल विंधन विहिरींनी भूजल उपसले आणि बोगद्यांत चुन्याचे थर साचत गेले, तर चारशे वर्षे वाहिलेला प्रवाह आटू शकतो. तो आटला तर उत्तमातले उत्तम छायाचित्रही तो परत आणू शकणार नाही.

गडावरून दिसणारे

असीरगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२८३ फूट उंच आहे. असीरगड, कमरगड व मलयगड अशा तीन टप्प्यांत त्याची तटबंदी चढत जाते. गडावर मशीद आहे, तसेच शिवमंदिरही आहे. त्या मंदिरात अश्वत्थामा पूजेस येतो अशी लोकांची श्रद्धा आहे. ज्यास मरण नाही असा तो शापित वीर आणि ज्याची राज्ये एकामागून एक मेली असा हा गड, यांची लोकमानसाने घातलेली सांगड मोठी अर्थपूर्ण आहे.

१९०४ च्या कायद्याने आणि पुढे १९५८ च्या कायद्याने प्राचीन वास्तूंस संरक्षण मिळाले. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी खात्याची पाटी लागली म्हणजे भिंतीस आधार मिळतो. पण भिंतीचा अर्थ जपण्याचे काम पाटी करू शकत नाही. ते भोवतालच्या माणसांनी करावयाचे असते. निंबोला, असीर, झैनाबाद, बुऱ्हाणपूर येथील घरांच्या पेट्यांतून एखादे लग्नाचे, एखादे जत्रेचे, एखादे तापीच्या पुराचे जुने छायाचित्र आजही निघू शकेल. त्यातील माणसांच्या मागे एखादी वेस, एखादा घाट, एखादी कुंडी उभी असेल. सर्वेक्षणाच्या चित्रांत वास्तू आहे पण माणूस नाही; घरच्या चित्रांत माणूस आहे आणि त्याच्या पाठीशी वास्तूही आहे. म्हणून ही दुसरी चित्रे अधिक मोलाची. ज्या वडीलधाऱ्यांस ती माणसे व त्या जागा ओळखता येतात ते आहेत तोवर त्या चित्रांच्या पाठीवर नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवणे, एवढे साधे काम कोणत्याही घरास करता येईल. नाव नसलेले चित्र एका पिढीनंतर मुके होते.

नगर वसविणाऱ्या राजाने त्यास संताचे नाव दिले. मशीद बांधणाऱ्याने निर्गुणाचे वर्णन संस्कृतात कोरले. कवीच्या काळी जमिनीखालून पाणी आले. यांपैकी कोणतीही गोष्ट काचेच्या तबकडीवर पूर्णपणे उमटलेली नाही. तबकडी केवळ बोट दाखविते. त्या बोटाच्या दिशेने चालत जाऊन दगडावरील अक्षर वाचणे आणि कुंडीतील पाणी वाहते ठेवणे, हे चालत्या पायांचे व जिवंत हातांचे कार्य आहे.